केरबाचा खोकला

“आणि दोघांतलं एकही धड नसेल तर, बाबा?”

नदीकाठच्या मठात, दुपारची जेवणं उरकल्यावर, अनुजा हे तिसऱ्यांदा विचारत होती. नगरपालिकेला त्यांच्या वॉर्डातून पक्षानं कुणाला उभं करायचं, हे यंदा सभासदांनीच मत देऊन ठरवायचं होतं. एक्केचाळीस सभासद. वीस एकीकडे, वीस दुसरीकडे. राहिली अनुजा. चार वाजता मतदान.

सिदूबाबा डोळे मिटून बसले होते.

“हणमंतराव निवडून आले तर ओढ्यापलीकडच्या वस्तीचं पाणी तोडणार. तोंडावर सांगतात तसं.”

“आणि दुसरं कोण?”

“शालनताई. वस्तीत नळ त्यांनीच आणला. चार वर्षं खेटे घातले. पण… शेवटी जो भेटेल त्याचं ऐकतात. मुलींच्या वाचनालयाला खोली देते म्हणाल्या होत्या. दीर येऊन बसले, आणि खोली दिरांच्या गोदामाला गेली. माझ्यादेखत.”

“तू काय म्हणालीस?”

“मी? मी… पुस्तकांची यादी परत पिशवीत ठेवली.”

बाबांनी डोळे उघडले.

“म्हणून वाटतं, चिठ्ठी कोरीच टाकावी. निदान उद्या मला कुणी म्हणायला नको, की—”

“मग इथं कशाला आलीस? घरी बसायचं होतंस!”

आवाज एवढा चढला, की अनुजा दचकली. हातातलं पाण्याचं भांडं कलंडलं.

आत स्वयंपाकघरात कुणीतरी खोकलं. एकदाच.

बाबा थांबले. खांद्यावरचं उपरणं काढून सांडलेलं पाणी त्यांनी स्वतः पुसलं.

“चुकलो, पोरी.”

“आत कुणाला बरं नाही का?”

“केरबाला? ठणठणीत आहे.”

तेवढ्यात फाटकाशी एक गाडी येऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजवत सुटली. बाबांच्या भुवया चढल्या. तोंड उघडलं…

आतून खोकला.

तोंड मिटलं.

अनुजाला हसू आलं. तिनं ते ओढणीत लपवलं.

“हस,” बाबा म्हणाले. “आमचे गुरू गेले, तेव्हा गादीवर कोण बसणार ते शिष्यांनीच ठरवायचं होतं. दोन आसनं मांडलेली. ज्याला जो हवा, त्याच्या आसनापुढं त्यानं सुपारी ठेवायची.”

“तुम्ही आणि…?”

“आणि एक गुरुबंधू. फार शांत माणूस. गोड गळा. पण त्याला फाटकाला कुलूप हवं होतं. ठरावीक माणसांनाच आत घ्यायचं म्हणायचा.”

“आणि तुम्ही?”

“मला सगळे आत हवे होते. आणि आलेल्या प्रत्येकावर मी ओरडत होतो.”

“मग?”

“सुपाऱ्या दोन्हीकडं सारख्या झाल्या. केरबा उरला.” बाबांनी उपरण्याचा ओला कोपरा पिळला. “केरबाला मी त्याच दिवशी सकाळी थोबाडीत मारली होती. दूध उतू गेलं म्हणून.”

अनुजाचा हात नकळत स्वतःच्या गालाकडं गेला.

“त्यानं सुपारी… तुमच्यापुढं ठेवली?”

“ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो गावी जायचा होता, कायमचा. एस.टी.त जाऊन बसलाही होता. इकडं मी कुणावर तरी ओरडलो, ते खाली स्टँडपर्यंत ऐकू गेलं म्हणे.”

“मग?”

“ट्रंक घेऊन उतरला.”

“किती दिवस झाले याला?”

“एकतीस वर्षं.”

केरबा बाहेर आले. किडकिडीत म्हातारा, हातात भिजवलेल्या शेंगदाण्यांची वाटी. ती अनुजापुढं ठेवून ते रिकामं भांडं उचलू लागले.

“काका, घसा दुखत नाही तुमचा?”

“पूर्वी दुखायचा,” केरबा म्हणाले. “आता काय, दिवसाला चार-पाचच लागतात. सुधारलेत.”

“ऐकलंस?” बाबा म्हणाले. “तोंडावर बोलतो.”

“पाठीमागं बोलून तुम्हाला कुठं ऐकू येतं?” म्हणत केरबा आत गेले.

बाबा कितीतरी वेळ त्या दाराकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं की ऊन, अनुजाला कळलं नाही.

साडेतीन वाजले होते. तिनं चार शेंगदाणे तोंडात टाकले, पिशवी खांद्याला लावली. पुस्तकांची यादी अजून पिशवीतच होती. वाकून नमस्कार केला.

“येते, बाबा. ठरलं माझं. शालनताईंनाच देते.”

“बस खाली.”

“उशीर होईल…”

“होऊ दे. आधी खोकून दाखव.”