हाळी देणारी धुरपदा

फार वर्षांपूर्वी, जाखाईच्या डोंगराला डावा खांदा होता तेव्हाची ही गोष्ट. आता एसटीतून उतरून वर पाहिलंत तर डोंगर एका अंगानं खाल्ल्यासारखा दिसतो. तो कुणी खाल्ला आणि पुढचा घास कुणी अडवला, हे या मुलखातलं शेंबडं पोरही सांगेल. पण सांगताना ते आधी धुरपदाचं नाव घेईल आणि मग डोंगराचं.

डोंगराच्या पायाशी सात वाड्या आहेत. मधली भोवरवाडी. तिथं शाळेच्या मागच्या खोलीत लोकांनी मिळून एक रेडिओ केंद्र काढलं होतं. मोठं काही नव्हतं. एक यंत्र, एक माईक आणि छपरावर उंच खांब. आवाज सात वाड्यांच्या पलीकडे जायचा नाही. नाव ठेवलं होतं 'हाळी'. ते चालवायचे नाईकनवडे मास्तर. मास्तर पहाटे उठून बाजारभाव सांगायचे, एसटीच्या वेळा सांगायचे, डॉक्टर कुठल्या वारी येणार ते सांगायचे आणि मधेमधे भजनं लावायचे. सगळं नेमानं, सगळं नीट. पण ऐकत कुणी नव्हतं. घराघरांतले रेडिओ फळीवर धूळ खात पडले होते.

एक दिवस दारात धुरपदा कोकरे येऊन उभी राहिली. धनगराची बाई. ऐन तरण्या वयात नवरा गेला, तिनं मेंढरं राखून दोन लेकरं वाढवली. तिचा आवाज असा की तिनं या डोंगरावर हाळी दिली तर त्या डोंगरावरची मेंढरं माना वळवायची, असं म्हणतात.

"मास्तर," ती म्हणाली, "सकाळधरनं तुमीच बोलताय. आमचं कवा ऐकायचं?"

मास्तरांनी माईक तिच्यापुढे सरकवला. "बोला की, आक्का."

तिनं माईक उचलला आणि सरळ दाराबाहेर निघाली. चार पावलांवर वायर ताणली गेली आणि ती थांबली.

"ही दोरी आखूड हाय," ती म्हणाली. "मानसं भाईर हायती."

तेव्हापासून धुरपदा हाळीची झाली. मास्तरांनी तिला आवाज साठवायचं एक लहान यंत्र दिलं. ते गळ्यात अडकवून ती वाडी वाडी हिंडायची. कुणाच्या चुलीपुढे बसायची, कुणाच्या खळ्यावर. ती फार काही विचारायची नाही. "हं," म्हणायची आणि ऐकत राहायची. लोक सांगतात, तिच्यासमोर बसलं की मुकं माणूसही बोलायला लागायचं. सासुरवाशिणी बोलल्या, गुराखी बोलले, ज्यांच्याशी घरातही कुणी बोलत नव्हतं ती म्हातारी माणसं बोलली. संध्याकाळी ते सगळं हाळीवर लागायचं. वरच्या वाडीच्या बायकांनी खालच्या वाडीच्या बायकांचं रडणं पहिल्यांदा ऐकलं ते रेडिओवर, आणि दुसऱ्या दिवशी हंडे घेऊन त्यांच्या मदतीला उतरल्या. फळ्यांवरची धूळ झटकली गेली.

मग डोंगरावर गुलाबशेठ आला. दगडाच्या खाणीचा ठेकेदार. त्यानं डाव्या खांद्याला यंत्रं लावली, सुरुंग लावले. सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजवायचा, लाल निशाण लावायचं असतं. गुलाबशेठ भोंगा वाजवत नव्हता आणि निशाणही लावत नव्हता. खडकातली भोकं सुरुंगाच्या दारूनं भरली की उडवायचं, हा त्याचा कायदा. धोंडे उडून शेतांत पडायचे, मेंढरांत पडायचे. एकदा कलाबाईच्या गाईची कंबर मोडली. एकदा न्हाणीघराची भिंत गेली, आत बाळंतीण होती.

धुरपदा खाणीवर गेली. म्हणाली, "शेठ, सुरुंगाची येळ आदल्या दिवशी सांगा. आमी हाळीवर सांगू. मानसं आडोशाला जातील. तुमचं काम हुईल, आमचा जीव ऱ्हाईल."

गुलाबशेठ हसला. "माझ्या कामाची वेळ मी मेंढक्यांना सांगू?"

त्या संध्याकाळी हाळीवर गाणं लागलं नाही. कलाबाई बोलली, बाळंतिणीची सासू बोलली. धुरपदानं शेवटी शेठचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि यंत्र बंद केलं.

चार-आठ दिवसांत वरच्या कचेरीतला एक साहेब जीपमधून आला. त्यानं मास्तरांना बाजूला घेतलं. रेडिओवर गाणी लावा, शेतीची माहिती द्या, सणावाराच्या शुभेच्छा द्या. गाऱ्हाणी बंद. नाहीतर परवाना जाईल.

मास्तर घाबरले. घाबरण्यासारखंच होतं. त्यांनी खांबाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, "आक्का, थोडे दिवस दमानं घेऊ. परवाना गेला तर हाळी बंद पडेल."

"गप बसलो तर ती आजच बंद पडली की, मास्तर. खांब तेवढा उभा ऱ्हाईल. त्येच्यावर कावळं बसतील."

मास्तरांनी त्या संध्याकाळी भजनं लावली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडीचं छप्पर फुटलं. पोरं हात धुवायला बाहेर गेली होती म्हणून वाचली. धोंडा पत्र्यातून आला तो खिचडीच्या पातेल्यात बसला. गरम खिचडी भिंतीवर उडाली होती. धुरपदा आत गेली. तिची नात त्याच अंगणवाडीत जायची. तिनं पोरीला उचललं, छातीशी धरलं आणि पातेल्यातला धोंडा मास्तरांना दाखवला. मास्तरांनी तो पाहिला आणि त्यांच्या मनातली कचेरी तिथंच गळून पडली.

"आता कुठं जायचं, आक्का?" त्यांनी विचारलं.

"डोंगरावर," ती म्हणाली. "माईक घिऊन."

पण भोवरवाडीपासून डोंगरापर्यंत वायर कुठून आणायची? असं म्हणतात की सांगावा गेला आणि सात वाड्यांनी घरं उसकटली. विहिरीच्या मोटारींच्या वायरी आल्या. लग्नातल्या दिव्यांच्या माळा सोडवून आल्या. बायकांनी कपडे वाळत घालायच्या तारासुद्धा सोडून आणल्या. मास्तरांनी बसून जोड मारले, आणि शाळेपासून डोंगराच्या खांद्यापर्यंत एक लांबच लांब दोरी झाली. काळी, लाल, हिरवी, ठिगळाठिगळांची.

धुरपदा जाऊन खाणीच्या कपारीत बसली. पाठीशी भरलेली भोकं. तिनं माईक तोंडाशी धरला.

"सात वाड्यांनो, मी धुरपदा बोलती. मी सुरुंगाच्या तोंडावर बसली हाय. शेठनं आमाला येळ सांगितली न्हाई, म्हनून मी त्येला सांगती. माझ्या देखत उडवायचा आसंल तर उडीव."

खाली घराघरांत तिचा आवाज गेला. असं म्हणतात, त्या दिवशी बंद पडलेले रेडिओही बोलले. खालच्या वाडीत एका पेटीत सेल काढून ठेवलेला रेडिओ होता, तोही पेटीच्या आतून बोलला. लोक हातातली कामं टाकून डोंगराकडे निघाले.

गुलाबशेठनं माणसं पाठवली. त्यांनी वायर तोडली. एका ठिकाणी नव्हे, जिथं जिथं जोड होता तिथं तिथं. शाळेत मास्तरांच्या कानाशी खरखर आली आणि मग काहीच नाही. शेठ वरून बघत होता. त्याला वाटलं, संपलं.

तेवढ्यात वायरीजवळ उभ्या असलेल्या कलाबाईनं वर पाहिलं. धुरपदाचे ओठ हलत होते. डोंगरावर हाळी देणारा तिचा आवाज, तो तिथवर येत होताच. कलाबाईनं ते वाक्य ऐकलं आणि वळून, तोंडाशी हात नेऊन, खालच्या तुटक्या जोडापाशी उभ्या असलेल्या माणसाला हाळी दिली. त्यानं ती पुढच्याला दिली. पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. वाक्य डोंगर उतरलं, ओढा ओलांडून शाळेच्या दारात आलं, आणि मास्तर ते यंत्रात बोलले. रेडिओ पुन्हा बोलू लागला. धुरपदाचंच वाक्य, पण आता त्यात सात वाड्यांचे गळे होते. वायर तोडायला सोपी. माणसाच्या गळ्याला पक्कड लावायची तिथं कुणाची छाती झाली नाही.

शेठ चवताळला. भरलेल्या भोकांच्या पलीकडे, कपारीच्या दुसऱ्या अंगाला एक लहान सुरुंग होता. बाईला घाबरवायला तो उडवायचा त्यानं हुकूम दिला. सुरुंग उडवणारा इराप्पा नावाचा वडार होता. त्याच्या हातात बटण होतं. तो म्हणाला, "मालक, बाई जवळ हाय."

"उडव!"

उडाला. धूळ अशी उठली की भरदिवसा सूर्य तांबडा झाला. धूळ बसली तेव्हा धुरपदा तिथंच होती. पदरावर खडे पडलेले, दोन्ही कानांतून रक्ताची बारीक धार. तिनं मान हलवली, एका कानावर हात मारला, दुसऱ्यावर मारला. तिला काहीच ऐकू येत नव्हतं. स्वतःचा आवाजही नाही. तरी तिनं तोंड उघडलं आणि पुढचं वाक्य बोलली.

"मी हितंच हाय."

कलाबाईनं ते खाली दिलं. वाक्य तुटलं नाही. मी इथंच आहे. मी इथंच आहे. सात वाड्या तेच म्हणत वर चढू लागल्या, आणि जो वर पोचला तो धुरपदाच्या शेजारी बसला.

शेठ ओरडला, "मोठे उडव!"

इराप्पानं बटणाची पेटी वायरीपासून सोडवली, कमरेला बांधली आणि चालत जाऊन धुरपदाच्या शेजारी मांडी घातली. "माझीबी पोरं खालीच ऱ्हात्यात, मालक," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर जाखाईवर सुरुंग उडाला नाही. आजपर्यंत नाही.

शेठ गेला, पण साहेब पुन्हा आला. त्यानं हाळीच्या खोलीला कुलूप घातलं, त्यावर लाखेचा शिक्का मारला. लोकांनी ते शांतपणे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मास्तर शाळेच्या कट्ट्यावर उभे राहिले आणि त्यांनी बाजारभाव ओरडून सांगितला. पुढच्या छपरावरच्या बाईनं तो पुढे दिला. एसटीच्या वेळा गेल्या, डॉक्टरांचा वार गेला, आणि संध्याकाळी गाऱ्हाणी उलट्या वाटेनं आली. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, हाळी काही थांबली नाही. कचेरीच्या दारातही रोज कुणीतरी उभं राहून सात वाड्यांचं ऐकवायचंच. शेवटी साहेबानंच येऊन शिक्का फोडला. म्हणाला, "यंत्रच चालू करा बाबांनो, निदान ते बंद करून झोपता तरी येतं."

धुरपदाचे कान मात्र परत आले नाहीत. मास्तरांना वाटलं, आता ती घरी बसेल. ती आली, आणि हाळीच्या दारात घोंगडी टाकून बसली. पहिलं गाऱ्हाणं घेऊन एक म्हातारा आला. तिनं आपला तळहात त्याच्या गळ्यावर ठेवला आणि मानेनं खुणावलं, बोल. तो बोलला. ती डोळे मिटून ऐकत होती. बोलणं संपल्यावर तिनं ते मास्तरांना सांगितलं, शब्दाला शब्द. असं म्हणतात की पुढं पुढं तर माणूस जे बोलायला कचरतं तेही तिच्या तळहाताला लागायचं. "आजून येक राहिलंय," ती म्हणायची आणि हात काढायची नाही. माणूस रडायचं आणि मग ते बोलायचं.

ती गेली त्याला किती वर्षं झाली, हे प्रत्येक वाडी वेगळं सांगते. पण हाळी आहे. माईकवर बसणाऱ्या नव्या पोरापोरींना आजही आधी बोलू देत नाहीत. त्यांनी वाड्यांतून हिंडायचं, गळ्यावर तळहात ठेवून लोकांचं ऐकायचं, आणि ऐकलेलं शब्दाला शब्द परत सांगता आलं तरच माईक.

आणि वर्षातून एकदा, माघात, यंत्र बंद ठेवतात. त्या दिवशी डोंगराच्या कपारीपासून शाळेपर्यंत माणसं उभी राहतात आणि सात वाड्यांत ज्याचा आवाज सगळ्यांत बारीक त्याचं गाऱ्हाणं गळ्यागळ्यानं खाली आणतात. त्याला 'धुरपदाचा दिवस' म्हणतात. त्या दिवशी मोठमोठी माणसं येतात, आमदार येतात, कचेरीतले साहेब येतात. त्यांना उन्हात घोंगडीवर बसवतात, ताक देतात. कुणी दोन शब्द बोलायला उठलंच, तर रांगेतली एखादी बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवते आणि म्हणते, "बसा सायेब. आज तुमी ऐकायचं."

आणि ते ऐकतात.