उजागरे मास्तर पियानो निवडायला जातात

"…आणि पट्ट्या जड हव्यात की हलक्या, एवढंच सांगा मास्तर. बाकी सगळं मी बघून ठेवलंय."

उजागरे मास्तर चहात पाव बुडवत होते. त्यांनी तो सावकाश खाल्ला, मिशा पुसल्या, मग विचारलं, "बाकी सगळं म्हणजे काय काय?"

नोएल भिंगारदिवे या प्रश्नाचीच वाट बघत होता.

त्याने सुरुवात केली. डिजिटल पियानो म्हणजे नुसता कीबोर्ड नव्हे. पट्ट्या पुऱ्या अठ्ठ्याऐंशी पाहिजेत. आतले स्पीकर घरापुरते दणकट हवेत. हेडफोन लावला की शेजारचे भांडायला येणार नाहीत. स्टेजवर मागून वायर काढून थेट साउंडवाल्याला देता आली पाहिजे. आणि आकार असा की काम झालं की दिवाणाखाली सरकवला.

"पायाखालचं पेडल?"

"ते वेगळं मिळतं. तेही बघितलंय."

"मग तुला माझ्याकडून काय हवंय?"

नोएलला काय हवं होतं ते मास्तर वाजवायचे त्या अहमदनगरच्या चर्चमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं.

चर्चमधला जुना पियानो मिशनरी लोकांच्या काळातला. वाळवीने त्याची पाठ खाल्ली होती आणि त्याच्या तारा लावणारा माणूस आता कुठे उरला नव्हता. मास्तर केस काळे होते तेव्हापासून त्यावर वाजवत आले. त्यातल्या निम्म्या पट्ट्या मुक्या झाल्या तरी उरलेल्या निम्म्यांवर त्यांनी उपासना निभावून नेली, आणि ऐकणाऱ्याला काही कमी पडलं असं कधी वाटलं नाही. पण आता सकाळी त्यांची बोटंच सुजलेली असत. मास्तरांनंतर त्या जागी कोण, हा प्रश्न मंडळीत हलक्या आवाजात विचारला जाऊ लागला होता.

नोएलला ती जागा हवी होती. दुसऱ्या कुणी दिलेली नको, मास्तरांच्या तोंडून हवी होती.

मास्तर एवढंच म्हणाले होते, "आधी वाजवायला काहीतरी आण. मग बघू."

म्हणून ही सगळी धावपळ. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवून आणि मुलांना शिकवून नोएलने जे साठवलं होतं, त्यात एकच वाद्य बसत होतं. घरी रियाजाला तेच, चर्चमध्ये तेच, कार्यक्रमाला तेच. चुकीचं घेतलं तर पुन्हा घ्यायची ऐपत नव्हती. आणि येत्या रविवारी कापणीच्या सणाची उपासना होती. नाताळ सोडला तर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी तेव्हाच.

पोरगं गुणी होतं, यात वाद नाही. एकदा ऐकलेलं त्याच्या बोटांतून जसंच्या तसं उतरायचं. अडचण एवढीच होती, की हे त्याला स्वतःलाही फार लवकर कळलं होतं.

"मास्तर, ईस्टरला तुम्ही तापाने पडला होतात, तेव्हा मी वाजवलं ना…"

"हो. मी नव्हतो."

"माझ्या जुन्या कीबोर्डवर. त्याला तालाचं बटण होतं, मागून ढोलक, झांजा, सगळं. दुसऱ्या कडव्याला काय झालं माहितीये? लोक गायचेच थांबले. हळूहळू सगळं चर्च गप्प. नुसते ऐकत राहिले हो माझं."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"मार्थाबाईसुद्धा?"

मार्थाबाई नव्वदीला टेकलेल्या. शेवटच्या बाकावर बसत आणि ओळ संपली तरी शेवटचं अक्षर सोडत नसत. सगळी मंडळी पुढच्या ओळीसाठी त्यांची वाट बघायची. पाळकसाहेब सोडून कुणालाच त्याचं काही वाटत नसे.

"त्या तर सगळ्यात आधी थांबल्या," नोएल अभिमानाने म्हणाला.

"हं…"

मास्तर उठले. खुंटीवरची टोपी घेतली.

"चल. दुकान उघडलं असेल."

*

गुगळेशेठचं वाद्यांचं दुकान कापडबाजाराच्या एका बोळात होतं. खाली ढोलक्या आणि पेट्या, वर माळ्यावर विजेची वाद्यं. शेठनी मास्तरांना बघितलं आणि गल्ला सोडून स्वतः उठून आले.

"सलाम, मास्तर. या, या. आज वाट चुकलात का?"

"सलाम. या पोराला पियानो बघायचाय."

"त्याने बघून बघून माझ्या पियानोंचा रंग उडवलाय," शेठ म्हणाले. "आज घ्यायचाय का तेवढं विचारा."

वर दोन पियानो शेजारी शेजारी मांडले होते. दोन्ही नोएलच्या आवाक्यातले, दोन्ही पाठीवरच्या पिशवीत मावणारे. एक वजनाला अगदीच हलका. त्याच्या पट्ट्याही हलक्या, पण आवाज शेकड्याने, व्हायोलिनपासून पावसापर्यंत. दुसरा दिसायला साधा. आवाज मोजकेच, पण पट्टी दाबली की बोटाला खऱ्या पियानोसारखं वजन लागायचं. नोएलचा जीव या दोघांत अडकला होता.

"वाजव," मास्तर म्हणाले आणि एका उलट्या ठेवलेल्या ढोलकीच्या पेटाऱ्यावर बसले.

नोएलने पहिल्यावर वाजवलं. मग दुसऱ्यावर. आवाज मोठा ठेवला आणि मोठ्या सभागृहात घुमतो तसा घुमारा लावला. खालची गिऱ्हाईकं जिन्यात येऊन उभी राहिली. खरंच सुरेख वाजवलं त्याने. शेठनी मान डोलावली, आणि शेठ काही उगाच मान डोलावणाऱ्यातले नव्हते.

नोएल थांबला. मास्तरांकडे वळला.

"कुठला, मास्तर?"

मास्तर उठले, जवळ आले. आवाज कमीजास्त करायची सरकपट्टी त्यांनी बोटाने चाचपली. मग ती पार शेवटपर्यंत खाली ओढली.

शेजारच्याचीही ओढली.

"आता वाजव."

"मास्तर, आवाज बंद केलात तुम्ही. काय ऐकू येणार?"

"मी गातो ना."

जिन्यातली गिऱ्हाईकं एकमेकांकडे बघून पांगली. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मास्तरांनी एक जुनं स्तोत्र धरलं, कापणीच्या सणाला म्हणतात ते. आवाज फाटलेला, पण सूर जागच्या जागी. नोएल हलक्या पट्ट्यांच्या पियानोवर साथ करू लागला. पियानो मुका होता. फक्त पट्ट्या खाली आपटल्याचा आवाज येत होता, खट, खट.

पहिल्या ओळीच्या शेवटी मास्तर श्वासाला थांबले.

खट, खट, खट.

मास्तर गप्प उभे राहिले. नोएलची बोटं अजून चालूच होती. मग त्याच्या लक्षात आलं आणि तीही थांबली.

"कुठे गेला होतास?" मास्तरांनी विचारलं.

"दुसऱ्या ओळीवर."

"मी अजून पहिलीवरच आहे."

नोएलचे कान तापले. "पट्ट्या फार हलक्या आहेत याच्या, मास्तर. बोट आपोआप पुढे पळतं. त्या दुसऱ्यावर बसतो."

तो जड पट्ट्यांच्या पियानोपुढे बसला. मास्तर पुन्हा गायले. इथे खटखट कमी होती. पण ओळ संपली, मास्तर श्वासाला थांबले, आणि ती पुन्हा आली. एकटीच, रिकाम्या माळ्यावर.

"याच्या पट्ट्या जरा जड पडतात," नोएल म्हणाला. "एकदा लय धरली की आवरत नाही."

गुगळेशेठनी तोंड फिरवून हसू दाबलं. मास्तर हसले नाहीत.

"ऊठ. तू गा."

"मी? मास्तर, मला गाता येत नाही. उपासनेत मी कधी…"

"ठाऊक आहे मला. गा."

मास्तर स्टुलावर बसले. सुजलेली बोटं त्यांनी एकदा उघडली, मिटली आणि पट्ट्यांवर ठेवली. आवाज तसाच बंद.

नोएल गायला लागला. काय करणार… त्याचा आवाज आधी घशातच अडकला, मग बाहेर आला तो भलत्याच उंच पट्टीत. दुसऱ्याच ओळीत त्याची दमछाक झाली. मधेच, शब्दाच्या ऐन मध्यात, श्वास संपला आणि त्याला खोकला आला.

खोकता खोकता त्याने मास्तरांच्या हातांकडे पाहिलं.

दोन्ही हात पट्ट्यांच्या जरासे वर थांबले होते. थकलेले दिसत नव्हते, घाईत नव्हते. मास्तर पियानोकडे बघतही नव्हते. ते नोएलच्या गळ्याकडे बघत होते.

नोएलने श्वास घेतला आणि अर्धा राहिलेला शब्द उचलला. त्याच क्षणी बोटं खाली आली. खट असा आवाज झाला नाही. कसलाच झाला नाही. पण नोएलला वाटलं की आपल्या बेसूर, धापा टाकणाऱ्या गाण्याखाली कुणीतरी हात धरलाय. तो पुढे गायला. पुन्हा रेंगाळला, पुन्हा चुकला, आणि दर वेळी ती बोटं त्याच्यासाठी थांबलेली असत. कडवं संपेपर्यंत त्याचा आवाज मोकळा झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो पूर्ण कडवं गायला होता, तेही मुक्या पियानोवर, आणि त्याला साथ इतकी भरपूर मिळाली होती की त्याचे डोळे भरून आले.

पन्नास वर्षं हा माणूस हेच करत आला, त्याच्या मनात आलं. दर रविवारी, सगळ्या मंडळीसाठी. आणि आपण शेजारी उभं राहून पानं उलटली, पण बघितलं नाही.

मग त्याला ईस्टर आठवला. ढोलक वाजतंय, आपण मान उडवतोय, आणि शेवटच्या बाकावर मार्थाबाईंचं तोंड शेवटच्या अक्षरावर उघडं राहिलंय. मग ते मिटलं. मग त्यांच्या पुढच्या बाकावरची तोंडं मिटली. मग त्यांच्या पुढची.

"त्या ऐकत नव्हत्या…" तो म्हणाला.

मास्तरांनी स्टुलावरून उठून जागा करून दिली.

नोएल बसला. या वेळी त्याने ऐटीत स्टूल सरकवलं नाही की बाही मागे सारली नाही. मास्तरांनी गाणं धरलं. नोएलने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि बोटं चालू लागली.

पहिली ओळ संपली. मास्तर श्वासाला थांबले.

माळ्यावर शांतता.

मास्तर आणखी थांबले. गरजेपेक्षा कितीतरी जास्त, मुद्दामच. खाली बोळातून हातगाडी गेली, कुणी भाव करत होतं. नोएलची बोटं वरच राहिली. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण त्याने पट्ट्यांकडे पाहिलं नाही. मास्तरांच्या गळ्याची शीर जरा हलली…

आणि दोघं एकदम दुसऱ्या ओळीवर आले.

तिसरीवरही. पाचवीवर मास्तरांनी शेवटचं अक्षर मार्थाबाईंसारखं लांबवलं, आणि नोएल त्यांच्याबरोबर तिथेच थांबून राहिला. कडवं पुरं झालं तेव्हा गुगळेशेठ जिन्याच्या कठड्याला टेकून डोळे मिटून उभे होते. एकाही सुराचा आवाज निघाला नव्हता.

"आता आवाज वाढवू का?" शेठनी हळूच विचारलं.

मास्तरांनी मानेनेच नको म्हटलं.

नोएल म्हणाला, "मास्तर, हाच घेतो."

"हा कुठला?"

नोएलने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्याला खाली बघावं लागलं. आपण दोघांपैकी कुठल्या पियानोपुढे बसलोय, पट्ट्या जड आहेत की हलक्या, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

तो हसला. मग गंभीर झाला. पैसे एकाच पियानोचे होते आणि रविवार जवळ आला होता.

"पण मास्तर… एक तर घ्यावाच लागेल ना. कुठला घेऊ?"

मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं, कठडा धरला, आणि वळून न बघता म्हणाले,

"तुला एकट्याला उचलवेल असा घे… मला रविवारी मंडळीत बसून गायचंय."