टोपी घालून मापलेला साग

तो पलीकडचा साग बघितलात? बुंध्याभोवती वीतभर साल सोललेली आहे, पानं झडली आहेत, पण झाड अजून उभं आहे. आम्ही त्याला 'कडं घातलेला साग' म्हणतो. तो लगेच तोडायचा नाही. त्याच्याशेजारी दोन रोपं लावायची, आणि ती कडं घालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर गेली की मगच कुऱ्हाड लावायची. माप घेताना माणसानं टोपी घालून, गुडघे न वाकवता, ताठ उभं राहायचं. पाहुण्यांना याचं हसू येतं. हसा, आम्हीही हसतो. पण ही टोपी कुठून आली ते ऐकून मग हसा.

खाली नदीला तो डोह दिसतो ना, त्याला 'बारा खोडांचा डोह' म्हणतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळाशी बारा सोट आडवे पडलेले दिसतात. किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक, कुजायचं नाव नाही. सागच तो.

असं सांगतात की फार पूर्वी खाडीच्या मुखाशी हिराजी नावाचा एक तांडेल होता. म्हणजे गलबतावरचा मुख्य माणूस. उंचीनं असा, की आमच्या झोपडीत शिरायला त्याला जवळजवळ रांगावं लागे. त्याच्या कोळीवाड्याचं मोठं गलबत वादळात फुटलं होतं. नवं बांधायचं तर साग हवा, आणि साग होता आमच्या या डोंगरावर. हिराजी राजाकडे गेला. राजानं डोंगर कधी पाहिलाही नव्हता, पण बोलून गेला, "नदी तुला जेवढं लाकूड वाहून देईल, तेवढं तुझं." झालं! हिराजी पन्नास कुऱ्हाडी घेऊन आमच्या पाड्यात दाखल झाला.

पाड्यात तेव्हा जिवली नावाची धवलेरी होती. आम्हा वारल्यांत लग्न लावते ती धवलेरी. बाईच असते, आणि तिच्या गाण्याशिवाय कुणाचंही लग्न लागत नाही. जिवलीनं म्हणे अर्ध्या मुलखाची लग्नं लावली होती, त्यामुळे तिच्यापुढे आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. ती हिराजीला म्हणाली, "तांडेला, आधी सागाला कडं घाल. दोन पावसाळं थांब. उभ्या उभ्या सुकंल, मंग तोड. ओला साग नदी नेत नाय."

हिराजीला वाटलं, म्हातारी वेळ काढते आहे. तो हसून म्हणाला, "आये, मी जन्म पान्यावर काढलाय. लाकूड तरंगतं का बुडतं, ते तू मला शिकवतंस?"

त्यानं डोंगरावरचे बारा जुने साग पाडले. श्रावणात नदी भरली तेव्हा ढोल वाजवत पहिला सोट पाण्यात ढकलला. सोट गेला तो थेट तळाला. हिराजी म्हणाला, खडकाला अडकला असेल. दुसरा ढकलला, तोही गेला. मानी माणूस, थांबतो कसला! बाराच्या बारा गेले आणि ढोलवाल्यांनी हळूच ढोल खाली ठेवले. काठावर आमचे पूर्वज पोट धरधरून हसत होते. राजाचा शब्द होता, नदी नेईल तेवढं तुझं. नदीनं तर एक काडी नेली नव्हती. डोंगर वाचला होता.

एकटी जिवली मात्र हसत नव्हती. हिराजी काठावर बसून लहान मुलासारखा रडत होता. तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गलबत नाय तर खोल पान्यात जायचं कसं गो बाय? घरोघरी चुली थंड हायत. मी काय तोंड घेऊन जाऊ?"

आता खरी पंचाईत जिवलीची होती. कडं कसं घालायचं, किती खोल, कोणत्या महिन्यात, हे सगळं हिराजीला शिकवलं तर पुढं प्रत्येक साग तरंगणार, आणि राजाच्या शब्दानं अख्खा डोंगर त्याचा होणार. आमच्या घरांचे खांब, छपराची पानं, डोंगराचे झरे, सगळं जाणार. नाही शिकवलं तर तिकडं माणसं उपाशी. पाड्यातले म्हणाले, "गप बस, जिवले." पण तिला ते रडणं सोसवलं नाही. मला विचाराल तर तिचं मोठेपण इथंच आहे. ती म्हणाली, "शिकवते. पण एक अट हाय. ज्या झाडाला कडं घालशील, त्याच्या जवळ दोन रोपं लावायची. तूच लावायची, तूच राखायची. ती तुझ्या डोक्यावर गेली की झाड तुझं."

हिराजीनं स्वतःच्या उंचीकडे पाहून एक मोठा सुस्कारा सोडला म्हणतात. पाड्यातल्या सगळ्यात बुटक्या गड्याकडे बोट दाखवून, "ह्यानं कडं घातलं तर?" असंही त्यानं विचारून पाहिलं. जिवलीनं ते बोट धरून त्याच्याच छातीकडे वळवलं. मग त्यानं बारा सागांना स्वतःच्या हातानं कडं घातलं आणि चोवीस रोपं लावली.

समुद्रावरच्या माणसाला रानातलं काय कळणार? पहिल्याच खेपेला निंदणी करताना त्यानं गवत समजून सहा रोपंच उपटली. वर ते गवतच होतं अशी शपथही घेतली. जिवली म्हणाली, "हात दाखव." सागाचं कोवळं पान चुरगळलं की तळवा लालभडक होतो. हिराजीचे दोन्ही तळवे रंगले होते. पाडा पुन्हा हसला, आणि या वेळी हिराजीही हसला. सहा रोपं नव्यानं लावली. त्यानंतर तो दर दोन महिन्यांनी दोन दिवस चालत यायचा. शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण घालायचा, वणवा येऊ नये म्हणून पालापाचोळा झाडायचा. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यानं माप द्यायची घाई केली आणि गुडघे वाकवून रोपाशेजारी उभा राहिला. जिवलीनं गुडघ्यावर बांबूची काठी हाणली. "ताठ!" आजही माप घेताना सगळा पाडा "ताठ! ताठ!" ओरडतो, ते तेव्हापासून.

दुसरा पावसाळा सरत आला. तिकडं कोळीवाड्यात सुतार वाट बघत होते. सगळा पाडा डोंगरावर जमला. हिराजीनं आपली लाल टोपी काढून कमरेला खोचली, तेवढीच उंची कमी. एकेका रोपापाशी तो उभा राहिला. चोविसावं रोप, मागून लावलेल्या सहांतलं, त्याच्या डोक्यावर जेमतेम बोटभर गेलं होतं. जिवली म्हणाली, "झालं. तोड." आणि इतकं बोलून तिनं तोंड फिरवलं. आता नदी सगळंच नेणार होती. राजाचा शब्द होता, आणि अडवायला तिच्यापाशी काहीही उरलं नव्हतं.

हिराजीनं कमरेची टोपी काढली, झटकली आणि डोक्यावर घातली. "आये," तो म्हणाला, "आता माप."

टोपी रोपाच्या शेंड्याच्या वर चार बोटं गेली.

"अजून वाढू दे त्याला," हिराजी म्हणाला. "दिवाळीपर्यंत थांबतो. आनि बाराच नेणार. पुढं कोनी राजाचा शब्द घेऊन आला, तर त्याला ह्या टोपीखाली उभा कर."

जिवलीनं म्हणे आयुष्यात कधी चुकीच्या वेळी गाणं म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, लग्नाचं, भर डोंगरावर, नवरा नाही की नवरी नाही. पुढच्या श्रावणात बारा सोट नदीत सोडले आणि बाराही तरंगत खाडीला लागले. गलबताचं नाव हिराजीनं 'जिवली' ठेवलं.

आजही डोहातल्या त्या बारा खोडांना कुणी हात लावत नाही. आजही माप टोपी घालूनच घेतात, मग तो ठेकेदार असो की आमच्यातलाच कुणी. आणि तुम्ही मघाशी पाहिलात तो साग माझा आहे. नातवाच्या घराच्या आढ्यासाठी मीच, भिवा वरठानं, त्याला कडं घातलं. एक रोप डोक्यावर गेलं, दुसरं अजून कानापर्यंत आहे. वयानं माझी पाठ वाकत चालली आहे, तर पोरं मला चिडवतात, "आजा, लबाडी करतो."

म्हणून मी रोज सकाळी इथं येतो, टोपी घालतो आणि त्या रोपाशेजारी जमेल तितका ताठ उभा राहतो.