कुरकुऱ्या सर्व्हर

फार मागली गोष्ट. किती मागली, ते विचारू नका.

एका राज्यात डोंगराच्या पोटात नऊ हजार सर्व्हर राहत. सगळ्यांची बोली एकच, लिनक्स. धरणाची दारं तेच उघडत आणि तेच मिटत. म्हणून खालच्या सात गावांना पुराचं भय नव्हतं.

प्रत्येक सर्व्हरच्या पोटात एक धडा असे. त्याला फर्मवेअर म्हणत. झोपेतून उठताना आपण कोण, आपले हातपाय कुठे, हे त्याला त्या धड्यावरून कळे. धडा चुकला तर सर्व्हर उठत नसे. दगड होऊन पडे.

राखणीला एक मावशी होती. दरवर्षी कारागीर धडा सुधारून पाठवीत. मावशी तो आधी एकालाच देई. त्याचं नाव कुरकुऱ्या. सगळ्यांत जुना, पंखा खरखरणारा. त्याला काही म्हणता काही पसंत पडत नसे.

"मावशे, हा धडा बोचतो," तो म्हणे.

"कुठे बोचतो ते सांग. नुसता रडू नकोस."

तो सांगे. कारागीर दुरुस्त करीत. मग तो धडा दहांना, मग शंभरांना, मग सगळ्यांना. महिना जाई, पण एकही सर्व्हर दगड होत नसे.

मग नवे प्रधान आले. त्यांना घाई होती.

"परवा राजेसाहेबांचा वाढदिवस. नगाऱ्याच्या एका टोल्याला सगळे सर्व्हर नवे झाले पाहिजेत."

मावशी म्हणाली, "धरण काठोकाठ आहे, प्रधानजी. नवा धडा द्यायला सगळ्यांना एकदम झोपवू नका. आधी कुरकुऱ्याला विचारते."

"त्या खोकणाऱ्या डब्याला? तुम्ही दोघं एकाच वयाची दिसता."

"म्हणूनच आमचं जमतं."

प्रधानांनी कुरकुऱ्याला भंगाराच्या छपरीत टाकलं. दाराजवळच्या एका नव्याकोऱ्या सर्व्हरला धडा दिला. तो उठून म्हणाला, "उत्तम आहे, सरकार." तो प्रत्येक धड्याला उत्तमच म्हणे.

"जुना धडा उगाच जागा अडवतो," असं म्हणून प्रधानांनी तोही सगळीकडून पुसवला.

नगारा वाजला. सगळे सर्व्हर झोपले. दाराजवळचे वीस उठले. बाकीचे उठलेच नाहीत. नवा धडा नव्या यंत्रांकडे पाहून लिहिला होता. जुन्यांचं अंग वेगळं, ते त्यात नव्हतंच.

धरणाची दारं हलेनात. पाणी चढू लागलं. सात गावांची माणसं धावली, साखळ्यांना लोंबकळली. एक दार वीतभर उचललं. पाणी तोवर हातभर चढलं होतं.

प्रधानांचं तोंड पांढरं पडलं. "मावशी, आता काय?"

"जुना धडा एकाच्याच पोटात उरलाय. तुम्ही टाकलात त्याच्या."

छपरी अर्ध्या कोसावर, आणि वाट चिखलाची. गाडी जाईना. प्रधानांनी पागोटं उतरवलं, त्याची चुंबळ केली आणि कुरकुऱ्याला डोक्यावर घेतलं.

"सावकाश चाला," वरून कुरकुऱ्या म्हणाला. "तुमची मान फार डुगडुगते."

"होय महाराज," प्रधान म्हणाले.

मावशीने जुना धडा त्याच्या पोटातून उतरवून घेतला. आधी धरण सांभाळणाऱ्या एकाला दिला. तो उठला. मग दुसऱ्याला. दिवस मावळायच्या आत दारं उघडली. माणसं वाचली. नदीकाठची भातं मात्र गेली. त्या वर्षी राजवाड्याच्या कोठारातून सात गावांना धान्य द्यावं लागलं.

राजाने प्रधानांना काढलं नाही. एवढंच सांगितलं, की नवा धडा आला की त्यांनी कुरकुऱ्यापुढे बसायचं आणि त्याची कुरकुर शेवटपर्यंत ऐकायची.

प्रधान बसू लागले. पहिल्या वर्षी जांभया देत, पुढे कान देऊन. कुरकुऱ्याला ऐकणारं आणखी एक माणूस मिळालं. त्यामुळे तो जरा जास्तच कुरकुरू लागला. मावशी ते चालवून घेई.

तात्पर्य : नवी गोष्ट 'उत्तम' म्हणणाऱ्यावर नव्हे, कुरकुरणाऱ्यावर पारखावी.