बाळंभटाची खाणावळ आणि ठकूची चूल

"महाराज, ही चूल आजच्या आज विझली पाहिजे!" बाळंभट कडाडला.

चूल होती ठकूची. नाक्यावरच्या चिंचेखाली ती आणि तिची आई वाटसरूंना जेवू घालत. समोरच बाळंभटाची खाणावळ. अशा खाणावळी त्यानं राज्यभर काढल्या होत्या, दर मुक्कामाला एक. सगळीकडे तोच पिवळा झेंडा, तेच वरण, तीच भाकरी, वाढप्याचं हसूसुद्धा तेच! आता त्याला गिऱ्हाइकांच्या गाड्या सोडायला चिंचेखालची जागा हवी होती.

दौऱ्यावर आलेले राजे विकटसेन त्याचं पक्कं गिऱ्हाईक. "बाहेरगावी पोटाशी खेळ नको," असं त्यांचं ठाम मत.

राणीसाहेब मात्र पार वैतागल्या होत्या. "एवढा मुलूख फिरलो आणि जेवलो काय? तेच! मला आज या मुलीच्या हातचं हवं."

"नवं नको!"

"तेच नको!"

भर रस्त्यात जुंपली. प्रधानजी आभाळाकडे बघत उभे राहिले.

शेवटी राजानं मिशीला पीळ दिला. "पोरी, संध्याकाळी मला असं जेवण वाढ, की त्यात एकही पदार्थ अनोळखी नको, आणि तशी चव मी जन्मात घेतलेली नको! जमलं तर जागा तुझी. नाही तर चूल विझव आणि चालू लाग!"

बाळंभट गालातल्या गालात हसला. आई तर रडत रडत भांडी बांधायला लागली. चूल गेली तर दोघींनी खायचं काय?

ठकू समोर बघत बसली. खाणावळीत राजाचं दुपारचं ताट आलं होतं. पण विषाची भीती ना! म्हणून राजाचा चाखणारा, रंगोबा, आधी पुढे सरसावला. वाफाळलेलं वरण त्यानं मिटक्या मारत ओरपलं. मग वेळ मोजायला पाण्यात भोकाची वाटी सोडली. ती भरून बुडेपर्यंत सगळे रंगोबाचं तोंड न्याहाळत बसले. मरतो की काय हा! वाटी बुडाली, रंगोबानं ढेकर दिला, आणि तेव्हा कुठे राजानं वरणावर आलेली साय बोटानं बाजूला सारली.

ठकूला खुदकन हसू आलं. "आई, ती भांडी सोड आणि पीठ मळ!"

संध्याकाळी तिनं राजाचा पाट थेट चुलीपाशीच मांडला. भात, वरण, तूप, तव्यावरून टम्म फुगून उतरलेली भाकरी.

"हे तर मी रोज जेवतो! हरलीस पोरी!" राजा ओरडला.

"आधी खा तर खरं, महाराज!"

रंगोबानं हात पुढे केला. ठकूनं तो बाजूला सारला. "आज मी चाखणार." तिनं ताटातलं सगळं थोडं थोडं खाल्लं, भाकरीचा अर्धा तुकडाही मटकावला. "हं, घ्या!"

"थांबा!" प्रधानजी धावले. "वाटी बुडायची आहे!"

"प्रधानजी, ही जागा राहावी म्हणून माझा सगळा खटाटोप. मीच मेले तर जागा घेऊन काय करू?"

प्रधानजींनी भोकाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

राजानं भाकरी उचलली आणि किंचाळला, "चावली! भाकरी मला चावली!"

"फुंकर घाला, महाराज."

"ती कुठल्या हातानं घालायची?"

राणीसाहेबांनी फुंकून दाखवलं. तेवढ्यात राजाची नजर भातावर गेली. "चोर! चोर! आत्ता इथं तुपाचा गोळा होता! रंगोबा, मूठ उघड!"

"चोरलं नाही हो, वितळलं," ठकू म्हणाली. "भातातच आहे."

राजानं घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग तो भाकरीमागून भाकरी मागत सुटला. राणीसाहेबांच्या पानातलीही त्यानं पळवली!

"यात घातलंस तरी काय?" बोटं चाटत त्यानं विचारलं.

"हेच माझ्याही खाणावळीत मिळतं!" बाळंभट मधेच चिरकला.

"मिळतं की!" ठकू म्हणाली. "पण महाराज, रंगोबा मेला नाही अशी खात्री होईपर्यंत तुमचं वरण रोज मरत होतं! आज पहिल्यांदाच ते तुम्हाला जिवंत भेटलं."

राजा गर्रकन वळला. "रंगोबा! म्हणजे इतकी वर्षं गरम गरम तू खात होतास?"

"जिवावर उदार होऊन, महाराज!" रंगोबा हात जोडून म्हणाला.

राजा पोट धरून हसला. इतका हसला की पाटावरून घसरला. त्यानं हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं, चिंचेखालची जागा तिच्या नावानं कायमची करून टाकली, आणि बाळंभटाला हुकूम सोडला, "चल, रांगेत बस! तूही जेव!"