साण्याखाली

"कायमचंच बुजवून टाकलं तर काय बिघडतं, अप्पा?"

अप्पांनी मान वर केली नाही. मठाच्या अंगणात उकिडवे बसून ते लिंपणासाठी पांढऱ्या मातीत भुसा कालवत होते.

विचारणारे बळवंतराव हंगरगे. पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. धरणाच्या भिंतीची गळती थांबवलेला माणूस, आणि तोराही धरणाएवढाच! पण स्वतःच्या घराला मातीचं माळवद, आणि त्या सपाट छतात उजेडासाठी ठेवलेलं भोक, म्हणजे साणं. गेल्या पावसात पाणी तिथूनच आत आलं. खालची तुळई कुजली.

"सिमेंट आणून ठेवलंय. उद्या गवंडी येतोय. एकदा बुजवलं की कटकट गेली."

"साण्याचा काठ दरसाल कोण लिंपायचं?"

"आमची मंडळी. सोजर." बळवंतराव जरा थांबले. "तिला जाऊन दीड वर्ष झालं."

"मग गेल्या उन्हाळ्यात तुम्ही चढला असाल."

"मी? ... मी कशाला चढतोय!"

अप्पांनी हात धुतले. "आत जाऊन बसा. दार लावून घ्या."

मठ म्हणजे एकच खोली. तिलाही माळवद, तिलाही साणं. बळवंतराव आत बसले. ऐंशीचे अप्पा शिडी चढून वर गेले आणि त्यांनी साण्यावर पत्रा ओढला.

भर दुपारी मिट्ट काळोख झाला.

"अप्पा? ... अहो, हा काय खेळ लावलाय?"

वर पाऊलही वाजेना.

बराच वेळ गेला. इंजिनिअरसाहेबांनी दोनदा खाकरून पाहिलं. मग काळोखातच बोलायला लागले.

"काठ वाळला की त्याच्याभोवती घागरभर पाणी ओतून बघतात. एकानं वर ओतायचं, एकानं खाली बघायचं. सोजर ओतायची. वाकून विचारायची, 'आवो, थेंब पडतोय का?' मी पेपर वाचत बसलेला असायचो. नाही म्हणायचो..."

त्यांनी काळोखातच मान वर केली.

"एकदाही वर बघितलं नाही, अप्पा. तीस वर्षं. ती बिचारी खरं मानून खाली उतरायची." ते भिंतीला टेकले. "गवंडी म्हणाला, ही कूज एका पावसाची नाही. फार जुनी आहे."

वर पत्रा सरकला. बळवंतरावांच्या मांडीवर उजेड पडला. त्यांनी घाईघाईनं डोळे पुसले.

अप्पा खाली आले, दार ढकलून उंबऱ्यात बसले.

"रडायचंच होतं, तर सिमेंट कशाला आणलंत?"

बळवंतराव हसले, आणि हसता हसता पुन्हा रडले. अप्पांनी त्यांना रडू दिलं.

मग बळवंतराव म्हणाले, "समजा, गवंड्याला नको म्हणून कळवलं. काठ मी लिंपतो. शिडी चढतो, घागर ओततो. पण खालून सांगायला आता घरात आहे कोण? ... घर खायला उठतं, अप्पा. हाक मारली तर माझाच आवाज ऐकू येतो."

अप्पा उठून पुन्हा मातीपाशी गेले.

"तुम्हीही इथं एकटेच," बळवंतराव मागोमाग आले. "चाळीस वर्षं. तुम्ही काय करता?"

"घागर ओततो. वाकून मोठ्यानं विचारतो, थेंब पडतोय का रे?"

"पण खाली तर कुणीच नसतं!"

अप्पांनी मातीचा ओला गोळा उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

"नसतं. म्हणून तर खाली उतरून स्वतःच वर बघावं लागतं."