हेळगडचं लढाऊ विमान
हेळगडच्या राजेसाहेबांना लढाऊ विमानाचं वेड लागलं. पैशासाठी त्यांनी दवाखाना बंद केला, पूल अर्धवट सोडला, धरणाचं लोखंड विकलं. तरी भागेना, तेव्हा "उरलेली रक्कम कोण उभी करतो?" म्हणत त्यांनी भर दरबारात विडा ठेवला. कुणी तो उचलेना.

राजेसाहेब म्हाताऱ्या सेनापतींवर कडाडले, "नरसोजी, उद्या शत्रू आला तर आधी काय पाडील?"

"दवाखाना, पूल नि धरण, सरकार."

"मग? त्यांच्या रक्षणालाच विमान हवं!"

"पण ती तिन्ही आपणच मोडलीत, सरकार. आता शत्रूला येण्याचं कारणच उरलं नाही."

दरबारात कुणी हसलं नाही, तेच राजेसाहेबांच्या जिव्हारी लागलं. खाली मान घालून त्यांनी तो विडा स्वतःच उचलला.

"आधी पूल," ते पुटपुटले.